सुई उचलल्यावरही येणारा आवाज

सुई तबकडीवरून उचलून ठेवली आहे, व्हॉल्यूम रोजच्या जागी आहे, रेकॉर्ड फिरतही नाही आणि तरी स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ चालूच. हा आवाज रेकॉर्डचा नव्हे. धुळीची चरचर आणि ओरखड्याची टकटक सुई टेकल्यावरच येते. सुई उचलूनही जो राहतो तो विजेचा. ‘जुन्या तबकड्यांना एवढं चालायचंच’ म्हणत काहीजण तो वर्षानुवर्षं सोसतात. बाकीचे आधी कार्ट्रिज, मग केबल, मग ॲम्प्लिफायर असं बदलत जातात. टर्नटेबलचं हमिंग शोधण्याच्या आजवरच्या खटपटीतून माझं मत मात्र पक्कं झालं आहे : नवं काही जोडण्याआधी असलेलं एकेक काढून बघावं. दोष बहुतेक वेळा महागड्या वस्तूत नसतो, अर्थच्या वायरीच्या वाटेत असतो.

असं का, ते आकडे बघितले की कळतं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. मागच्या भिंतीत २३० व्होल्ट खेळत असतात, म्हणजे ४६ हजार पट. हा इवलासा सिग्नल फोनो स्टेज शंभरेक पट वाढवते, आणि मूव्हिंग कॉइल असेल तर हजारेक पट. त्यात भर म्हणजे आरआयएए प्रमाणानुसार रेकॉर्ड कापतानाच खालचे स्वर दाबलेले असतात, ते वाजवताना परत उचलावे लागतात. १००० हर्ट्‌झच्या तुलनेत ५० हर्ट्‌झ जवळजवळ सातपट वाढतो, आणि आपल्या मेन्सची वारंवारता नेमकी ५० हर्ट्‌झ आहे. सीडी किंवा रेडिओच्या इनपुटवर ऐकूही येणार नाही एवढा अर्थमधला दोष फोनोवर म्हणूनच घरभर घुमतो. आपल्या संगीताला त्याचा फार त्रास होतो. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्‌झचा. मेन्सच्या ५० हर्ट्‌झची तिप्पट १५०, म्हणजे कोमल रिषभाच्या जरा वर आणि शुद्ध रिषभाच्या बराच खाली. तंबोऱ्यासोबत असा धड ना कोमल ना शुद्ध रिषभ अखंड लागून राहिला, तर यमनच्या आलापीची काय गत होते, ते कोणत्याही रसिकानं ऐकून बघावं.

वजाबाकी करायची ती सुई वर ठेवूनच. सिलेक्टर फोनोवरून दुसऱ्या इनपुटवर फिरवला आणि आवाज तेवढाच राहिला, तर टर्नटेबल निर्दोष. शोध ॲम्प्लिफायरमध्ये घ्यायचा. फक्त फोनोवरच येत असेल, तर ॲम्प्लिफायर बंद करून टर्नटेबलच्या केबल काढाव्यात आणि त्या जागी शॉर्टिंग प्लग, म्हणजे आतली पिन आणि बाहेरची कडी आपसांत जोडलेले प्लग, लावून परत ऐकावं. नुसती केबल उपसून निष्कर्ष काढू नये, कारण उघडं फोनो इनपुट स्वतःच घरघरतं. प्लग लावल्यावर शांतता झाली, की दोष टर्नटेबलमध्ये, केबलमध्ये किंवा त्यांच्या जागेत आहे हे ठरलं. मग आवाजाचं वागणं बघायचं. एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल, तर आधी हेडशेलमध्ये बघावं. तिथल्या चार तारा केसाइतक्या बारीक असतात : डाव्या बाजूच्या पांढरी आणि निळी, उजव्या बाजूच्या लाल आणि हिरवी. त्यातल्या एखादीचं टोक पिनवर सैल बसलेलं किंवा काळवंडलेलं सापडतं. दोन्ही बाजूंनी येत असेल आणि टोनआर्मच्या धातूला बोट लावताच कमी होत असेल, तर अर्थची वायर तुटली आहे किंवा नीट लागलेली नाही. ॲम्प्लिफायरच्या मागे स्क्रूखाली ती वायर नुसती दिसली म्हणून समाधान मानू नये. तांब्याची तार आखूड सोललेली असली, की स्क्रू प्लास्टिकच्या आवरणालाच दाबून बसतो. बघणाऱ्याला वायर लावलेली दिसते, विजेच्या दृष्टीनं ती लावलेलीच नसते.

टर्नटेबल फूटभर सरकवल्यावर आवाज बदलला, तर तो शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे. त्याचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, अंतर दुप्पट केलं की साधारण आठवा हिस्सा उरतो. कर्कश झणझणाट असेल, तर पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर एकेक करून बंद करावेत. सगळ्यांत चिवट प्रकार म्हणजे ग्राउंड लूप. प्रत्येक यंत्र एकटं शांत असतं आणि जोडणी पुरी झाली की घुमायला लागतं. ॲम्प्लिफायर एका सॉकेटवर, टीव्ही दुसऱ्यावर, त्यात गच्चीवरून आलेली केबल टीव्हीची वायर आपली वेगळी अर्थ घेऊन येते. अर्थला पोचायला दोन वाटा झाल्या, की त्यांचं कडं आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणावेत आणि केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून खरोखर उपसून बघावी. नुसता स्विच बंद केल्यानं कडं तुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, चांगली शील्ड असलेली केबल घेतली की झालं. शील्डच तुटलं असेल तर बरोबर आहे. पण शील्डचा भर विद्युत क्षेत्र अडवण्यावर असतो. मेन्सच्या वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र ते फारसं अडवत नाही, आणि ग्राउंड लूप तर त्या शील्डमधूनच वाहतो. दुसरा सल्ला फिल्टरचा. तो ५०, १००, १५० असं कापत जाणार, आणि डग्ग्याची घुमक, तंबोऱ्याचा खर्ज त्याच भागात राहतात. आवाजाबरोबर गाणंही झिजवणं हा उपाय मला मान्य नाही.

तिसरा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मात्र खरोखर जिवावर बेतणारा आहे : थ्री-पिन प्लगची अर्थची पिन कापून टाका. हमिंग जातं, हे खरं आहे. म्हणूनच तो लोकांना पटतो. पण ती वरची पिन लांब केलेली असते, कारण वीज जोडली जाण्याआधी अर्थ जोडली गेली पाहिजे. ती काढल्यावर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं, तर ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि टर्नटेबलची अर्थची वायर त्याच पत्र्याला जोडलेली असल्यामुळे आपण बोटानं उचलतो त्या टोनआर्मपर्यंत ते पोचतात. पिन आधीच कापलेली असेल, तर प्लग आजच बदला आणि वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. टर्नटेबल त्यानंतर.