नवं इंजिन, धीराचा घाट

येडशीच्या रामलिंग घाटात आज नवी गाडी मुद्दाम हलक्या भरतीवर चढवली. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू देत. पिस्टनच्या रिंगा लायनरवर अजून बसायच्यात. त्यासाठी बेताचा लोड हवा, वेगही कमी-जास्त हवा. उगाच आयडलवर ठेवलं तर लायनरला नको ती चकाकी येते आणि इंजिन पुढे ऑइल पितं.

ऑइलचंही तसंच. १५डब्ल्यू-४० म्हणजे नुसता पातळ-घट्टपणा. बीएस-६ गाडीला काजळी अडवणारा फिल्टर असतो; जास्त राखेच्या ऑइलनं तो चोंदतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात सीके-४ हा कमी राखेच्या ऑइलचा दर्जा लिहिला असेल, तर स्वस्त डबा घ्यायचा नाही. हप्ते डोक्यावर असताना धीर धरणं सर्वांत महाग पडतं, तरी धरायचा.