भीती किरणांची नव्हे, सुईची

किरणोत्सर्गी दाणे फुप्फुसाच्या गाठीत रोवायचे आणि तिथेच कायमचे ठेवायचे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो अघोरी प्रकार वाटला होता. आज तसं वाटत नाही. पण म्हणून मी या उपचाराचा भक्त झालोय, असंही नाही.

मन वळवलं ते आयोडीन-१२५च्या स्वभावानं. टायटॅनियमच्या कवचातला हा दाणा जेमतेम साडेचार मिलिमीटर लांब. त्याचे किरण इतके दुबळे, की त्यांचा बहुतेक जोर आसपासच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्येच संपतो. दर साठेक दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते. वर्षभरात दीड टक्क्याच्या आसपास उरते. असे दाणे आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही बनवलेत, डोळ्याच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी.

फुप्फुसासाठी हा उपचार चीनमध्ये बराच रुळलाय, मुख्यतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी. रुग्णाला श्वास रोखायला सांगतात, सीटी स्कॅनवर बघत बरगड्यांमधून सुई गाठीत नेतात आणि ती मागे घेत घेत ठरावीक अंतरावर दाणे सोडतात. खरी धास्ती इथे आहे. सुईच्या भोकातून हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस दबतं. कधी खोकल्यातून रक्त पडतं. क्वचित एखादा दाणा रक्तप्रवाहाबरोबर भलतीकडेच जातो.

आणि गुण किती? अमेरिकेत दोनशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला. तिथे गाठ कापून काढल्यावर टाक्यांच्या रेषेवर दाण्यांची जाळी बसवली होती. जाळी असो-नसो, तिथे रोग उलटण्याचं प्रमाण सारखंच निघालं. गाठीतच दाणे रोवणं ही वेगळी गोष्ट, हे मान्य. तरी माझा हुरूप त्यानंतर आवरता झाला.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे कुणी आधी विचारत नाही. आयोडीनचे दाणे बसवल्यावर वर्षाच्या आत मृत्यू झाला, तर दहन करू नये, असा आंतरराष्ट्रीय किरणसुरक्षा आयोगाचा सल्ला आहे. प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी तो दिला गेला, पण फुप्फुसाच्या रुग्णाकडे अनेकदा तेवढा काळही नसतो.

तेव्हा कुणी हा उपचार सुचवला, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: बाहेरून नेमका किरणोपचार का चालणार नाही, फुप्फुस दबलं तर लगेच नळी घालायची सोय आहे का, आणि दहनाचं काय?