अडकलेला कागद

जून उजाडला की जळगावात आमच्या सेवा केंद्रावर उत्पन्नाचे दाखले, सातबारे, प्रवेशअर्ज यांची झुंबड. आज कुणाची तरी जड पीडीएफ प्रिंटरच्या रांगेत अडकली. रद्द केली तर ‘डिलीटिंग’वरच बसून राहिली. मग नेहमीचा इलाज: विंडोजचा प्रिंट स्पूलर थांबवायचा, सिस्टीम ३२ मधल्या स्पूल फोल्डरातल्या ‘प्रिंटर्स’मधल्या फायली पुसायच्या, पुन्हा सुरू. एसपीएल फायलीत छापायचा मजकूर, एसएचडीत कुणी काय पाठवलं त्याची नोंद. यात सगळ्यांचेच कागद उडतात, म्हणून नावं आधी वहीत टिपतो.

“भाऊ, मनी गाडी जाई रे!” धुळ्याच्या एसटीसाठी आजी कासावीस. विंडोजमध्ये कामाचं प्राधान्य १ ते ९९ असतं. त्यांचं थेट ९९ केलं. मागचे कुरकुरले. कुरकुरू देत.