पाहुण्याच्या दुकानातली शाळा

खानापूर-आटपाडीकडच्या पोरांची शाळा बहुधा दोन कारणांनी सुटायची. पाऊस दगा द्यायचा, नाहीतर मद्रासहून कुणी मामा-चुलता जत्रेला यायचा. जत्रा उरकली की त्याच्याबरोबर एखादं पोरगं निघायचं. सोलापूरला मद्रास मेल धरायची, सेंट्रलला उतरायचं आणि पिशवी सांभाळत साहुकारपेटच्या गल्लीत शिरायचं. १९७८ साली मीही शिरलो. त्याच वर्षी तमिळनाडूच्या शाळांत अकरावी-बारावी सुरू झाली, तिच्यात व्यवसाय शिक्षणाची शाखाही निघाली. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, दुकानात कुणी शिकवत नसे. आधी हातात झाडू. केर मात्र टाकायचा नाही, साठवायचा. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात, कारण त्यात सोन्याचे कण. मग भट्टी, मूस, टाकणखार. तेजाबाची पाळी सगळ्यात शेवटी. एक भाग सोन्यात तीनेक भाग चांदी घालून वितळवायचं, पातळ पत्रे करून नायट्रिक ॲसिडात उकळायचे. तांबडा धूर उठायचा, चांदी विरघळून जायची आणि तळाला फिल्टर कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ उरायचा. तेच सोनं. भांडं कधी उतरवायचं हे शेठ तोंडानं सांगत नसत. घाई झाली की हातातला चिमटा काढून घ्यायचे, तेवढ्यावर समजायचं. बोटं पिवळी पडलेली असायची आणि त्याच बोटांनी रात्री भात कालवायचा.

त्या दिवसांवर मी रागावलेला नाही, गावाकडचं घर त्याच्यावरच उभं राहिलं. पण माझ्याबरोबरचा एकजण कसाचा हिशेब आजही तोंडी करतो आणि बँकेचा फॉर्म मात्र दुसऱ्याकडून भरून घेतो.

शाळा की धंदा, हा विषय मद्रास शहराला तसा झोंबणारा आहे. १९५३ साली मुख्यमंत्री राजाजींनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. म्हणजे कुंभाराच्या पोरानं कुंभारच व्हायचं का, असा आगडोंब उसळला. पेरियार, द्रमुक सगळे उठले. राजाजी पायउतार झाले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना गुंडाळली गेली. आमची गंमत अशी, की आमच्या बापांचा हा धंदाच नव्हता. ते कोरडवाहू शेतकरी. बापाच्या धंद्यातून सुटायलाच आम्ही इथं आलो. शेठ मात्र पाहुण्यातला लागायचा. समोरच्या गल्लीतलं तमिळ पोरगं आमच्या भट्टीपाशी बसलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि मुलगी तर नाहीच नाही.

आता माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. कसोटीच्या दगडाशेजारी कॅरेट दाखवणारं यंत्र आलंय, २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झालाय. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ जाऊन शिकायला. तमिळनाडू सरकारचा त्या धोरणाला विरोध आहे, पण केंद्रीय बोर्डाच्या एका शाळेतली मुलं मागे आमच्याकडे आली. बाईंजवळ यादी, पालकांच्या सह्या. कुणाचा मामा कोण, हे कुणी विचारलं नाही. मला ते फार आवडलं.

चिमटा मात्र त्यांच्या हातात देता येत नाही. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायचं नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामाला नाही, असा २०१६ पासून कायदा आहे. तो असायलाच हवा. मुलांनी लांबून पाहिलं, वहीत लिहिलं, यंत्रावर कुणाकुणाच्या कानातली तपासून घेतली. तेवढ्यावर धंदा येत नाही, हे काय सांगायला हवं!

एका मुलीनं मात्र गाळाकडे बोट दाखवून विचारलं, "अंकल, हे सोनं आहे तर मातीसारखं का दिसतं?" आमच्या वेळी असं विचारलं असतं तर शेठनी झाडू हातात दिला असता. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, कण इतके बारीक असतात की चकाकत नाहीत. वितळून एकजीव झाले की रंग परततो. इतकी वर्षं तो गाळ मुशीत घालणाऱ्या मला हे त्या दिवशी कळलं.