कानात सांगितलेलं नाव

बारशाला आत्याचा मान असतो. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून-वरून इकडच्या हातातून तिकडच्या हातात जातो. मग बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि मागून पाठीवर पडणारे बायकांचे धपाटे हसत सोसायचे. १९७७ साली दादरच्या आमच्या चाळीत मी अशी आत्या झाले आणि भाच्याच्या कानात म्हटलं, 'रोहन'.

चाळीला हे नाव नवं होतं. आजीनं विचारलं, "हे कुठल्या देवाचं गं?" दादा दारातून म्हणाला, "गावसकरनं आपल्या मुलाचं ठेवलंय." आजीचं तेवढ्यानं भागलं. माझं मात्र भागलं नाही. ज्याच्या कानात आपण एखादा शब्द सोडतो, त्याला तो जन्मभर वागवायचा असतो. तो आला कुठून, हे आपल्याला ठाऊक नको?

शब्दकोशात अर्थ सापडायला वेळ लागला नाही. 'रुह्' हा धातू. वर चढणं, उगवणं. गाण्यातला आरोह त्यातलाच. जमिनीतून उगवतो म्हणून झाड महीरुह. नाव चांगलं होतं, उंच जाणारं होतं. पण अर्थ कळला म्हणून वाट कळत नाही. ती वाट मला पुढे हळूहळू, वर्षावर्षांच्या अंतरानं कळत गेली, आणि ती दोन वेळा समुद्र ओलांडून गेलेली निघाली.

सुनील गावसकरांच्या मुलाचं पूर्ण नाव रोहन जयविश्व. त्यात तीन फलंदाज आहेत. रोहन हा वेस्ट इंडीजचा रोहन कन्हाय, जय हा हैदराबादचा एम. एल. जयसिंहा, आणि विश्व म्हणजे गुंडाप्पा विश्वनाथ, जो पुढे गावसकरांचा मेहुणाही झाला. मुलगा जन्मला २० फेब्रुवारी १९७६ला. बाप तेव्हा न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीजच्या लांबलचक दौऱ्यावर होता. बाळ दीड-दोन महिन्यांचं होत होतं तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनला भारतानं चौथ्या डावात ४०६ धावा करून कसोटी जिंकली. त्यात गावसकरांचं शतक होतं आणि विश्वनाथचंही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली जुनी रीत आहे. इथे एका खेळाडूनं, ज्यांच्याकडे बघून आपण बॅट धरली आणि ज्यांच्यासोबत खेळलो, त्यांना पूर्वजांच्या जागी बसवलं. मला ही कृतज्ञता फार मोठी वाटते. कन्हायला तर गावसकर आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ फलंदाज मानत आले.

आणि कन्हाय कोण? गयानातल्या पोर्ट मोरांट या उसाच्या मळ्यावर १९३५ साली जन्मलेला रोहन भोलालाल कन्हाय. भोळा शंकर मधे आणि कान्हा शेवटी. आपल्याकडे जो कान्होबा होतो, तोच गंगेकाठच्या बोलीत कन्हाई होतो. हा माणूस हुक किंवा स्वीप मारताना इतका झोकून द्यायचा की फटका पूर्ण होताना स्वतः जमिनीवर आडवा झालेला असायचा आणि चेंडू सीमेपार. ज्याच्या नावाचा अर्थ चढणं, त्याची आठवण लोक पडताना काढतात. मला ते चित्र नेहमी आवडत आलं आहे.

पोर्ट मोरांटला कन्हाई पोचला कसा, ते सांगताना आवाज खाली येतो. गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्यांना हात हवे होते. १८३८च्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजं कलकत्त्याहून निघालेले मजूर घेऊन गयानाला लागली. ३० मे १८४५ला 'फतेल रझाक' त्रिनिदादला लागलं. १९१७पर्यंत हे चाललं. करारावर अंगठा उठवून गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार माणसं गेली, त्रिनिदादला सुमारे १ लाख ४४ हजार. बहुतेक भोजपुरी, अवधी बोलणारी. माणसानं आपलं नाव सांगायचं आणि ती बोली न कळणाऱ्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजी अक्षरांत उतरवायचं. आडनावाची सवय त्या माणसांना नव्हती. मग आजोबाचं एकुलतं नाव नातवंडांचं आडनाव झालं. नारायणाचा नरीन झाला, श्रवणाचा सरवन, चंद्रपालचा चंदरपॉल. कालिचरण तसाच राहिला, पण त्याच्या अलीकडे आल्विन आयझॅक येऊन बसले. क्रिकेटचा धावफलक मी वर्षानुवर्षं वाचला. त्या वाकड्या स्पेलिंगांखाली एकेक बंदरावरची रांग उभी आहे, हे कळल्यावर तो मला पूर्वीसारखा वाचता येईना.

त्या रांगेतलं सगळ्यात जीव पिळवटणारं नाव म्हणजे नसलेलं नाव. त्रिनिदादचा सॉनी रामाधीन, वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. त्याच्या जन्मदाखल्यावर पहिल्या नावाच्या जागी फक्त 'मुलगा' असं लिहिलेलं होतं. सॉनी हे घरातलं हाक मारायचं. १९५०च्या इंग्लंड दौऱ्यावर निघाला तेव्हा कागदोपत्री हवीत म्हणून के. टी. ही आद्याक्षरं त्याला देऊन टाकली; त्यांचा अर्थ काहीच नव्हता. त्याच दौऱ्यात वेस्ट इंडीजनं लॉर्ड्सवर पहिल्यांदा कसोटी जिंकली, आणि त्याच्या गोलंदाजीवर रचलेलं कॅलिप्सो घराघरात गेलं. दाखल्यानं जे दिलं नाही ते गाण्यानं दिलं.

गावसकरांवरही त्रिनिदादनं कॅलिप्सो रचलं. लॉर्ड रिलेटरनं ते गायलं. १९७१ साली एकवीस वर्षांचा हा मुलगा तिथं गेला आणि चार कसोटींत ७७४ धावा करून आला. पहिलं शतक त्यानं जॉर्जटाऊनला, म्हणजे कन्हायच्या गयानातच केलं. तिकडच्या किती घरांनी तेव्हा तो शब्द जपून ठेवला असेल! सुनील. छान, गडद निळा. पुढे १९८८ साली त्रिनिदादमधल्या अरिमाला एका क्रिकेटवेड्या बापाला मुलगा झाला आणि त्यानं गावसकरांवरून त्याचं नाव ठेवलं. तो सुनील नरीन.

गयानातला रोहन मुंबईला आला आणि मुंबईतला सुनील त्रिनिदादला गेला. ही फेड ठरवून केलेली नाही, म्हणून तर ती मला इतकी सुंदर वाटते.

गावसकरांचं स्वतःचं नाव तरी त्यांच्यापर्यंत सुखरूप पोचणार होतं का? 'सनी डेज' या आत्मचरित्रात त्यांनीच सांगितलेली हकिकत आहे. जन्माच्या दिवशी नातलग नारायण मसुरेकर, त्यांचे नानकाका, बाळ बघून गेले. त्यांना डाव्या कानाच्या पाळीजवळ एक बारीकसं छिद्र दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, बाळ उचललं, तर कानाला छिद्र नाही! सगळं रुग्णालय पालथं घातलं तेव्हा बाळ एका कोळणीशेजारी शांत झोपलेलं सापडलं. एवढ्याशा खुणेवर पुढचं सगळं टांगलेलं होतं. नानकाकांची नजर जरा ढळती, तर 'सुनील' दुसऱ्याच कुणाच्या कानात सांगितलं गेलं असतं, अरिमाच्या त्या घरीही ते पोचलं नसतं.

आणि नानकाकांचं नाव नारायण. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

१६ एप्रिल २०२४ला सुनील नरीननं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर ५६ चेंडूंत १०९ धावा केल्या. याच मैदानावर १९५८च्या अखेरीला सुरू झालेल्या कसोटीत रोहन कन्हायनं २५६ केल्या होत्या. रोहन गावसकरचं घरचं मैदानही हेच होतं. तो बंगालकडून खेळला, बंगालचा कर्णधार झाला. आणि मैदानाजवळूनच हुगळी वाहते, जिच्यातून ती जहाजं निघाली.

भाचा तेव्हा सत्तेचाळिशीचा. सामना संपायच्या आधीच त्याचा फोन आला. "आत्या, बघतेयस ना? नरीननं शंभर मारले."

"नारायणानं," मी म्हटलं.

तो क्षणभर थांबला. "पुन्हा म्हण?"

मी पुन्हा म्हटलं. पहिलं आणि शेवटचं नाव जोडून, हळू, कुणाच्या तरी कानाशी तोंड नेऊन सांगावं तसं.