छोटी गाडी, मोठा गोतावळा

आमच्या घरी पहिली गाडी आली तेव्हा आम्ही दोघांनी शुक्राने की नमाज अदा केली होती. जुनी, ८०० सीसीची, पांढरी गाडी. मुंब्र्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली ती उभी राहिली आणि आठवड्याभरात सगळ्या नातेवाइकांना कळलं, की आता कुणाला दवाखान्यात, स्टेशनवर किंवा गावी न्यायचं झालं तर सोय झाली. आम्हालाही त्यात आनंद होता. अल्लाहने दिलंय तर चार माणसांच्या उपयोगी पडावं, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

पण उपयोगी पडण्यालाही एक माप असतं. ते आम्हाला २०१५ च्या मे महिन्यात कशेडी घाटात कळलं.

घरातल्या धाकट्या बहिणीचा निकाह खेड तालुक्यातल्या आमच्या गावी होता. अब्बा आधीच गावी गेले होते. त्यांचा फोन आला, "येताना दोन डेगा घेऊन या, इथे भाड्याच्या मिळत नाहीत. तांदूळही तिकडूनच आणा." मग तेलाचे डबे आले. कपड्यांच्या बॅगा आल्या. निघायच्या आदल्या रात्री फुफीचा फोन आला, "गाडीत जागा आहे ना? मी आणि पोरगा येतोय." नाही कसं म्हणणार? लग्नाचं घर, त्यात फुफी!

फजरनंतर निघालो. आम्ही दोघं, अम्मी, फुफी, तिचा तरुण मुलगा आणि आमची दोन मुलं. पाच जणांच्या गाडीत सात जण. धाकटी दोन वर्षांची, ती पुढे अम्मीच्या मांडीवर. डिकी गच्च भरलेली, मागच्या काचेखालच्या फळीवर नाश्त्याचे स्टीलचे डबे आणि वर कॅरिअरवर झाकणासकट दोन डेगा सुंभाने बांधलेल्या. गाडी मागून इतकी बसली होती, की शेजारच्या चाचांनी विचारलं, "पंक्चर आहे का?" आम्ही हसलो, सफरची दुआ पढलो आणि निघालो.

पोलादपूर सोडून घाट चढलो. तेव्हा बोगदा झाला नव्हता, सगळी वाहतूक जुन्या वळणांवरूनच जायची. चढताना इंजिन कुरकुरत होतं. खरी गोष्ट उतारावर घडली. गाडी आवरत नव्हती, म्हणून ब्रेकवरचा पाय उचलताच येत नव्हता. दहा मिनिटांत जळका वास आला. एका वळणावर ब्रेक दाबला तर पेडल आत गेलं आणि गाडी तशीच पुढे. स्टिअरिंग आमच्यापैकी ज्याच्या हाती होतं त्याने दुसरा, मग पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला नेऊन थांबवली. त्या हिसक्याने फळीवरचा एक डबा सुटला आणि मोठ्या मुलाच्या कानाजवळून पुढे येऊन गिअरवर आदळला. वर सुंभ तुटलं आणि डेगेचं झाकण रस्त्यावर पडलं.

मागून ट्रक येत होता. चालकाने ट्रक कसाबसा वळवून थांबवला. तो खाली उतरला, झाकण उचलून घेऊन आला आणि गाडीत डोकावला. म्हणाला, "आत लेकरं आहेत हो तुमच्या. आणि मी दरीत गेलो असतो तर माझी?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

अर्धा तास थांबलो. गरम चाकांवर पाणी ओतू नका, एवढं तोच सांगून गेला. मग पहिल्या गिअरमध्ये रांगत भरणे नाक्यापर्यंत आलो. तिथल्या मेकॅनिकने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "यात एखादा बैल बसवायचा राहिला का?" ब्रेक ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. मग ब्रेक तापले की लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. मागच्या टायरमध्ये हवाही फार कमी होती.

निकाह अल्हम्दुलिल्लाह छान झाला. रात्री मात्र आम्ही गाडीचं पुस्तक काढून हिशेब केला. भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन ११४० किलो, रिकाम्या गाडीचं ७२५. म्हणजे माणसं आणि सामान मिळून ४१५ किलो. आमची माणसंच ३६५ किलोंची होती. त्यावर तांदूळ, तेल, डेगा, बॅगा, कॅरिअर मिळून १९० किलो. दोन धडधाकट माणसांइतकं वजन जादा घेऊन आम्ही घाट उतरलो होतो!

सकाळी फुफीला घाबरतच सांगितलं, की परतताना तुम्हाला नेता येणार नाही. ती म्हणाली, "आधीच सांगायचं होतं. दिव्याहून सावंतवाडीची गाडी खेडला थांबते. मी आरामात आले असते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुमच्यासोबत बसले." आम्ही तिच्यासाठी आणि ती आमच्यासाठी! दिवा तर आमच्या मुंब्र्याचं पुढचंच स्टेशन.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. वाचकांच्या घरीही छोटी गाडी असेल, म्हणून सांगतो.

गाडीत माणसं पाचच, आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. मूल मांडीवर नाही. झटका बसला की आईचे हात कितीही घट्ट असले तरी पुरत नाहीत. मुलांसाठी वेगळी खुर्ची मिळते, ती मागच्या सीटवर बांधायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेही पट्टा आणि मुलांच्या सुरक्षेसाठी १००० रुपये दंड ठेवला आहे, पण दंडासाठी हे करू नये.

जड सामान डिकीत तळाला, मागच्या सीटला टेकवून. हलकं वर. काचेखालच्या फळीवर काहीही नाही. छतावर शक्यतो काही नाही, कारण वरचं वजन वळणावर गाडीला झुकवतं. गावी परतताना पाच डझनी आंब्याच्या पेट्यांचा आग्रह होतोच. दोन घेतो, बाकीच्या पार्सलने येतात.

टायरची हवा गाडी थंड असताना तपासायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. गाडी भरलेली असेल तर मागच्या टायरला जास्त लागते. स्टेपनीही तपासायची. टायरवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. जुना टायर खाचा चांगल्या दिसल्या तरी कडक झालेला असतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो. कूलंटची पातळी गाडी थंड असतानाच पाहतो, गरम इंजिनचं झाकण उघडत नाही. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल, हे तर कधीच नाही.

आपण घरातून निघताना दुआ पढतो, सदका देतो. ते द्यावंच. पण तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे. आणि रस्त्यावर फक्त आपलाच जीव नसतो. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, यात मागून येणाऱ्या त्या अनोळखी ट्रकवाल्याचा हक्कही येतो. त्याची क्षमा मागायची राहून गेली. त्याचं नावही विचारलं नाही. आता गाडी भरून झाली की आम्ही दोघं एकदा मागे जाऊन उभे राहतो, गाडी बसली तर नाही ना ते पाहतो आणि त्याच्यासाठी दुआ करतो.

फुफी आता रेल्वेनेच येते. स्टेशनवर तिला आणायला मात्र आमचीच गाडी जाते.