दहा महिने

ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या गायनवृंदाचा ऑर्गनवादक नाताळच्या तालमींचे वेळापत्रक घेऊन रेक्टरीत आला. गणित घेऊन तो बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकतो. जाता जाता त्याने सांगितले, की आयआयटीत एम. एस्सी. करण्यासाठी त्याने ‘जॅम’ परीक्षेचा अर्ज भरला आहे. परीक्षा फेब्रुवारीत आहे. “तयारी कितपत झाली?” मी विचारले. “रियल अ‍ॅनालिसिसला अजून हात लावलेला नाही. पण नाताळ आटोपला की बसतोच, फादर.”

हे वाक्य मी ओळखले. ते माझेच होते.

२००३ च्या नोव्हेंबरात बिशपस्वामींचे पत्र आले होते. पवित्र शास्त्राच्या पदव्युत्तर अध्ययनासाठी मी रोमच्या बिब्लिकल इन्स्टिट्यूटमध्ये जावे, अशी त्यांची इच्छा होती. प्रयाण पुढच्या सप्टेंबरात. म्हणजे हाती दहा महिने होते. तेथील खरा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. परंतु हिब्रू व ग्रीक या भाषांची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज त्याचे दार उघडत नाही. ज्याला त्या येत नाहीत, त्याने आधी प्राथमिक वर्गात बसावे. हे सारे पत्रासोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते. मी वाइनग्रीनचे हिब्रू व्याकरण विकत आणले आणि टेबलाच्या खणात ठेवले.

मग सण आला. सणानंतर कपेलाचे छप्पर आले, लग्नसराई आली, आजाऱ्यांच्या भेटी आल्या. यातले एकही काम खोटे नव्हते, आणि तीच खरी अडचण होती. आळस असता तर मी तो ओळखला असता. परंतु ‘फादर स्वतःकडे पाहातच नाहीत’ असे लोक म्हणत आणि ते मला गोड लागे. शिवाय सेमिनरीच्या परीक्षांत माझा क्रमांक नेहमी वर असे. प्राध्यापकांच्या टिपणांवर मिळविलेले ते यश पुढेही पुरेल, असा माझा समज होता.

आईने सुकेळी बांधून दिली. “तीनच वर्षं ना?” तिने विचारले. मी होकार दिला.

रोममध्ये प्याझ्झा देल्ला पिलोत्ता या चौकातील त्या इमारतीत मी ग्रीकमध्ये कसाबसा तरलो आणि हिब्रूत बुडालो. चौतिसाव्या वर्षी, ज्याच्या प्रवचनाला गावची माणसे पाऊण तास बसत, तो मी पहिल्या बाकावर अक्षरे गिरवू लागलो. शेजारचा पोलिश विद्यार्थी माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता. हिब्रू क्रियापदांची रूपे शिकविण्यासाठी वैयाकरणांनी ‘कातल’ म्हणजे ठार मारणे हे क्रियापद का निवडले असावे, कोण जाणे! आपली ‘कत्तल’ अरबीतून त्याच धातूची चुलत बहीण होऊन आली आहे, हे कळले तेव्हा त्या वर्गात मी पहिल्यांदा हसलो. फादर थॉमस स्टीफन्स १५७५ मध्ये याच शहरात येशूसंघात दाखल झाले, १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले ते १६१६ मध्ये. परक्या भाषेपुढे मान वाकवायला त्या इंग्रजाने किती वर्षे दिली! मला दहा महिनेही जड झाले होते.

एक वर्ष वाढले. आईला मी पत्रात लिहिले, “इथला नियमच तसा आहे.” ते असत्य नव्हते, सत्यही नव्हते.

ती २००८ च्या उपवासकाळात वारली, त्याच वाढलेल्या चौथ्या वर्षी. मी पोहोचलो तेव्हा कबरीवरचा झेंडू सुकला होता. थोरली बहीण एवढेच म्हणाली, “गेल्या जूनपासून ती तुझी खोली झाडून ठेवत होती.” माझी तयारी कुठे राहिली, हे मी तिला सांगितले नाही. बहिणीलाही नाही. आज प्रथमच लिहीत आहे.

त्या मुलाला मी बसवून घेतले. त्याच्याकडून समजले, की तीन तासांत साठ प्रश्न सोडवायचे असतात आणि महाविद्यालयातील पाठ केलेल्या सिद्धता तिथे फारशा कामास येत नाहीत. मी तालमींचे वेळापत्रक त्याच्या हातातून काढून घेतले. “परीक्षा होईपर्यंत तू ऑर्गनला हात लावायचा नाहीस.” त्याचा चेहरा उतरला. “आणि मध्यरात्रीच्या मिस्साला कोण वाजवणार, फादर?” आपल्यावाचून अडेल, हे त्यालाही गोड लागत असावे. मी त्याला आईची गोष्ट सांगितली नाही. विशीतल्या मुलाच्या खांद्यावर ती कशाला?

गायनवृंदाच्या बाई माझ्यावर रागावल्या आहेत. एवढी वर्षे बसविलेला मेळ मी एका संध्याकाळी मोडला, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोटे नाही. नववीतल्या एका मुलीची आजवर तीन गाणी बसली आहेत. उरलेली आम्ही वाद्यावाचून म्हणणार आहोत.